अवतरणाबाहेरचे प्रश्न

प्रज्ञा,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुला रक्त द्यायला एक माणूस आला होता.

बाकीचं बहुतेक तुला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही, म्हणून आधी हे सांगते.

बुद्धवंदना आटोपली होती. अंगणातल्या मंडपात पंगतीसाठी पट्ट्या अंथरणं चाललं होतं. मावशी, तुझी आई, तुझ्या फोटोजवळच बसून होत्या, कोणी कितीही म्हटलं तरी उठत नव्हत्या. तेवढ्यात फाटकातून दिलीपभाऊ आत आले. सौंसरच्या बसस्टँडजवळ पंक्चर काढतात ते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. रक्त द्यायला येताना ते नेहमी असेच यायचे. मंडप पाहून त्यांना वाटलं असावं, घरात काही शुभकार्य आहे. हसतच माझ्याजवळ आले.

"वैशालीताई, तुम्ही बी आल्या काय? काय प्रोग्राम हाय? प्रज्ञाताई कुठं हायेत? मले मेसेज आला न, त्यायले रक्त लागते म्हणून."

ते लेकीकडे गेले होते, गावात नव्हते, त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. मेसेज सोमवारी सकाळचा होता. शब्द तुझे होते. "नमस्कार भाऊ. या आठवड्यात प्रज्ञाला रक्त लागणार आहे. तुमचा गट जुळतो. गुरुवारी सकाळी पांढुर्ण्याला येता येईल का? नाश्ता करून या."

तोवर त्यांची नजर फोटोकडे गेली होती. हार दिसला, मेणबत्ती दिसली. ते जवळच्या खुर्चीवर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. का कोण जाणे, मला तेच सगळ्यात असह्य झालं.

मावशी उठून आल्या. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि एकेक शब्द लावत मोठ्यानं वाचला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे कोनं पाठवलं वो?"

मी म्हणाले, "मावशी, तिनंच."

दुसरं काय सांगणार होते? तुझ्या खोलीतला तो जुना कॉम्प्युटर कोणी बंद केलाच नव्हता. दर सोमवारी सकाळी तो आपणहून उठायचा, कोणाला रक्त लागेल हे विचारायचा, जुळणारा दाता शोधायचा आणि मेसेज धाडायचा. तू गेलीस हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. त्याच्या हिशेबानं तुझी तारीख आली होती.

विवेक ताडकन उठला. तुझा भाऊ इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकला नव्हता. "ताई, थे मशीन बंद कर. आत्ताच्या आत्ता. लोक काय म्हनतीन?"

दिलीपभाऊंनीच त्याला हातानं थांबवलं. म्हणाले, "भाऊ, मी आता आलोच हाय. नाश्ता बी करून आलो, त्यायनं सांगतलं होतं तसा. कोनाले तरी लागतच असन न रक्त?"

विवेकनं गाडीची किल्ली घेतली आणि तोच त्यांना रक्तपेढीत घेऊन गेला. एका लहान मुलाला त्या दिवशी ते लागलं. तुझ्या नावानं आलेलं रक्त.

त्या दुपारपासून माझ्या डोक्यात तू बोलणं थांबवलेलं नाहीस. मी भांडी घासत असते आणि तू मागून म्हणतेस, "वैशू, हे अवतरणात कायले टाकलं?"

आपली ओळखच त्या अवतरणचिन्हांवरून झाली. नागपूरच्या कॉलेजात आपण दोघीच मध्यप्रदेशातून आलेल्या, तू पांढुर्ण्याची, मी सौंसरची, पण पहिले काही महिने आपण एकमेकींशी बोललोही नव्हतो. मग एकदा लॅबमध्ये वाचनालयाचा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. कोणती पुस्तकं परत आली नाहीत, ते डेटाबेसला विचारायचं. सगळ्यांनी लिहिलं तसंच मी लिहिलं: डेटाबेसच्या भाषेतला प्रश्न, म्हणजे क्वेरी, दोन अवतरणांच्या मधे कोंबली आणि दिली पाठवून. तुझ्या स्क्रीनवर अवतरणं नव्हती. प्रश्न सरळ प्रोग्रॅमच्याच भाषेत, इतर ओळींच्या सोबत, त्यांच्यातलाच एक होऊन बसला होता.

मी म्हणाले, "हे असं चालत नाही."

तू मान वर न करता म्हणालीस, "चालून राहिलं न तुह्यापुढं."

त्या दिवसापासून तू गेलीस त्या दिवसापर्यंत आपण यावर भांडलो. कॉलेज संपलं, मी नागपुरात डेटाबेस सांभाळायच्या नोकरीला लागले, तू घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायला लागलीस, तरी भांडण तेच. माझ्या बाबांनी एकदा आपल्या बी-बियाण्याच्या दुकानात विचारलं होतं, तुम्ही पोरी एवढ्या कशावरून भांडता? तेव्हा तू पोत्यावर बसून त्यांना जे सांगितलंस, तितकं सोपं करून मला आजही सांगता येत नाही.

"काका, समजा तुमच्या गोदामवाल्याले फक्त हिंदी येते. वैशू काय करते, हिंदीत चिठ्ठी लिहिते, पाकिटात घालते अन् मानसाच्या हाती देते. नेनाऱ्याले पाकीट उघडाची परवानगी नाई. चिठ्ठीत चूक असन तर थे कधी समजन? गोदामात गेल्यावर. गिऱ्हाईक दुकानात उभं असते तवा. मी पाकीटच ठेवत नाई. मी ज्या भाषेत बोलून राहिली, त्याच भाषेत विचारते. तं जवळचा मानूस तिथंच टोकते, बाई, असं पोतंच नाई आपल्याकडं."

बाबांना पटलं. मी चिडून म्हणाले, "पण बाबा, माल कुठं ठेवलाय ते गोदामवाल्यालाच माहीत असतं ना? त्याच्या भाषेत बोललं की तो झटक्यात काढून देतो. हिचं बोलणं मधला दुभाष्या बदलून सांगतो. तो तिकडे जाऊन काय बडबडतो, हिला पत्ता नसतो."

बाबा म्हणाले, "दोघीही खरं बोलून राहिल्या. चहा घ्या."

परत जाताना बसस्टँडवर तू म्हणालीस, "आपन घरी मराठी बोलतो. त्याच्यात हिंदी येते, जाते. कोनी अवतरन लावते काय? मंग प्रोग्रॅममधीच कायले लावाचं?" मी तुला आठवण करून दिली की शाळेत हिंदीच्या पेपरात मराठी शब्द घुसला की मास्तर मार्क कापायचे. तू म्हणालीस, "म्हनूनच तं. प्रोग्रॅम चालाच्या आधीच चुका पकडनारा मास्तर असते न? तोच तं कंपायलर!" आणि इतकी हसलीस की छिंदवाड्याची बस निघून गेली, जी आपली नव्हतीच, पण आपण आपली समजून तिच्यामागे धावलो होतो. धावलो म्हणजे मी धावले. तुला धावता यायचं नाही. चार पावलांत तुझे गुडघे धरायचे, आणि तू खांबाला टेकून उभी राहून तशीच हसत होतीस.

तुझा सिकलसेल मला आधी कळलाच नाही. कॉलेजात तू आठ-आठ दिवस गायब व्हायचीस आणि परत आल्यावर म्हणायचीस, हाडं दुखून राहिले होते. मग एकदा मीच तुला दवाखान्यात नेलं तेव्हा पाहिलं. ती कळ पाहिली. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अडकतात, एवढं शास्त्र पुस्तकात असतं. कण्हू नये म्हणून दातात धरलेली ओढणी पुस्तकात नसते.

तुला रक्त लागायचं, आणि रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा माणूस आणावा लागायचा. तुझे बाबा तिगावच्या स्टेशनवर रेल्वेच्या कामाला होते, त्यांच्या सोबतची सगळी गँग एकेक करून तुझ्यासाठी देऊन बसली. एकदा रक्तपेढीबाहेरच्या बाकड्यावर तू पाहिलंस की शेजारी बसलेली प्रत्येक आई फोनवरून त्याच त्या दोन-चार माणसांना विनवते आहे. तिथून घरी येऊन तू प्रोग्रॅम लिहायला बसलीस. मला फोन केलास. "वैशू, डेटाबेस तुहा, प्रश्न माहे. ये."

मी दर रविवारी यायला लागले. आजूबाजूच्या गावांतल्या रक्तदान शिबिरांच्या याद्या तू मागून आणल्यास. नाव, गाव, मोबाईल, रक्तगट, मागचं रक्त कधी दिलं. काही याद्यांत आणखी एक रकाना होता, जातीचा. कशासाठी होता, देव जाणे. मी म्हणाले, घेऊन ठेवू, वापरायचा नाही. तू स्क्रीनकडे पाहत राहिलीस.

"नाई. आत घ्यायचाच नाई. जो रकानाच नाई, त्याच्यावर कोनी प्रश्न इचारू शकत नाई. माह्या भाषेत तं तसा प्रश्न लिहिला, का प्रोग्रॅम बनतच नाई. तुह्या भाषेत बनते, अन् पुढं कोनी रकाना घातला का चालते बी."

त्या वेळी मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते. त्या दिवशी तुझं बरोबर होतं, आणि माझ्या भाषेत ते तितकं पक्कं झालं नसतं. बस, तुझं बरोबर होतं.

पण सगळ्याच वेळी नव्हतं. आठवतं ना, तू 'येऊ शकेल' नावाचं एक छोटं सूत्र लिहून ते प्रश्नात गुंफलं होतंस. दाता किती लांब आहे, मागचं रक्त देऊन तीन महिने झाले का, आधी बोलावल्यावर आला होता का. वाचायला इतकं सुंदर, जणू कोणी बोलतंय. आणि एका सकाळी जामसांवलीकडच्या एका पोरीचा बाप तुझ्या दारात उभा, तू बटण दाबलंस आणि मशीन घुम्म. तुझा तो दुभाष्या एकेका दात्यासाठी वेगळा हेलपाटा मारत होता. जिरं आणायला एकदा बाजारात, मोहरी आणायला एकदा, हळदीसाठी परत एकदा. त्या हजारो नावांसाठी हजारो खेपा. मी तुला बाजूला सरकवून माझ्या भाषेत, अवतरणात, एकच लांबलचक प्रश्न लिहिला आणि नावं चुटकीसरशी आली. पोरीचा बाप मला हात जोडून गेला. तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. जेवताना फक्त म्हणालीस, "भाजीत मीठ कमी हाय," आणि भाजी मावशींनी केलेली होती, मी नव्हे.

मग तुझाही दिवस आला. एका रकान्याचं नाव आपण दोघींनी मिळून बदललं. तुझ्या प्रत्येक ओळीवर कंपायलरनं लाल रेघ ओढली, तू एकेक दुरुस्त केलीस, संपलं. माझ्या अवतरणांतल्या ओळींवर रेघ येणार कुठून? एक जुन्याच नावानं राहिली. फार क्वचित लागणाऱ्या रक्तगटासाठी लिहिलेली ती ओळ होती. ती ओळ एका बाळंतिणीसाठी चालायची वेळ आली आणि प्रोग्रॅम पडला: असा रकाना नाही. मोबाईल घेतलास आणि आठवतील त्या दात्यांना फोन लावत सुटलीस. बाई वाचली. नंतर चहा पिताना तू म्हणालीस, "पाकीट, वैशू." एवढंच. मला त्याचा राग आला होता. आज कोणी मला "पाकीट, वैशू" म्हणावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

आता त्या भांडणाकडे येते, ज्यावरून मला झोप लागत नाही.

ज्यांना रक्त लागतं त्यांची नावं शोधणाऱ्या तुझ्या प्रश्नात एक अट होती. सगळे रुग्ण घे, ज्यांची तारीख जवळ आली ते घे, आणि त्यांतून प्रज्ञा वगळ. तू ती लपवली नव्हतीस. मी वाचून दाखवली तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "हो. मीच लिहिली."

"का?"

"मशीन माहं, प्रोग्रॅम माहा. त्याच्यात माहंच नाव वर आलं तं लोक म्हनतीन, स्वतःसाठीच बनवला. माह्यासाठी बाबा पाहतीन."

"बाबा रिटायर झाले. त्यांच्या गँगमधले अर्धे गाव सोडून गेले. तुझं रक्त मागच्या वेळी किती लांबलं ते मला माहीत आहे."

"तू डेटाबेस पाह्य. प्रश्न माहे हायेत."

मी ओरडले. मी तुला म्हणाले की ज्या बाईनं जातीचा रकाना आत येऊ दिला नाही, तिनं एका माणसाला वगळायची अट लिहिली आहे, आणि तो माणूस ती स्वतः आहे, म्हणून ती चांगली ठरत नाही. तू चिडलीस. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दोन रविवार मी आलेच नाही, तूही फोन केला नाहीस. मग एक दिवस तुझा फोन आला. "ये, अन् तुह्या हातानं मिटव थे. माह्या हातानं होत नाई."

मी मिटवली. पुढच्याच सोमवारी तुझं नाव आलं, आणि पहिला निरोप गेला तो दिलीपभाऊंना. ते आले, नाश्ता करून, बाह्या दुमडून. त्या वर्षी तुला कधी नव्हे ते वेळच्या वेळी रक्त मिळालं. तू मला म्हणालीस, "बरं वाटून राहिलं वो. पायऱ्या चढते मी आता." तू पहिल्यांदा माझ्या घरी, सौंसरला, माडीवर आलीस ती त्याच वर्षी. आई तुला धरायला गेली तर तू तिचा हात बाजूला केलास आणि कठड्याला धरून एकटी चढलीस. वर येऊन म्हणालीस, इथून संत्र्याचे बगीचे दिसतात हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

म्हणून मंडपात सगळे माझ्याकडे पाहत होते तेव्हा मला काय होत होतं, ते फक्त तुला कळेल. तुझं नाव यावं म्हणून मीच तर भांडले होते. आणि ते आलं होतं.

शेवटच्या वेळी रक्ताची अडचण नव्हती. हे मी मावशींनाही सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ताप आला, तो छातीत उतरला. नागपूरला नेलं. तिथे रक्त मिळालं, डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. मी ऑफिस सुटल्यावर, आणि मग रजा टाकूनच, तुझ्याजवळ बसून असायची. ऑक्सिजनचा मास्क होता. एका दुपारी तू तो थोडा बाजूला केलास.

"वैशू, एक इचारू?"

"विचार ना."

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "राहू दे. मंग इचारते." आणि मास्क परत लावून घेतलास.

तुझ्या त्या भाषेची एक खोड होती. प्रश्न लिहिला म्हणून तो लगेच चालत नाही. तो नुसता मांडून ठेवलेला असतो. कोणी उत्तर मागेल तेव्हाच तो डेटाबेसकडे जातो. सुरुवातीला मी यावर फार वैतागायची. प्रश्न सकाळी लिहायचा, मधे नोंदी बदलायच्या, आणि उत्तर मागायला जावं तर भलतंच यायचं. तू म्हणायचीस, त्यात काय, विचारलं तेव्हाचं खरं उत्तर मिळालं. पण हा तुझा प्रश्न, प्रज्ञा, मला मांडलेलासुद्धा मिळाला नाही. तू काय विचारणार होतीस? प्रोग्रॅमचं होतं? आईचं होतं? भीती वाटते का, असं मला विचारणार होतीस की मला काही सांगणार होतीस? मी रस्त्यानं चालताना तुझ्या आवाजात एकेक प्रश्न लावून पाहते. प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे असतं. तो प्रश्न कुठला ते कळत नाही.

मंडप काढल्यावर मी तुझ्या खोलीत जाऊन बसले. विवेक दारात उभा राहिला. त्याचा राग उतरला होता. "ताई, चूक झाली माह्यी. पन दर सोमवारी हे होनार काय? मायले किती खेपा हे झेपन?"

मी त्याला दोन वाटा सांगितल्या. मशीन बंद करायचं, म्हणजे ज्यांना हा निरोप जातो ते सगळे पुन्हा त्या बाकड्यावर जाऊन बसणार. नाहीतर तुझी नोंद पुसायची. तू नेहमी तेच करायचीस. कोणी गेलं की त्याची नोंद काढून टाकायचीस. मी म्हणायची, पुसू नको, 'हयात' असा एक रकाना ठेवू, हो किंवा नाही. तू ऐकलं नाहीस. "मेल्या मानसाले मशीनमधी ठेवून काय करू? सकाळ-सकाळी त्याचं नाव पाह्यलं का दिवस जात नाई माहा." हे आपलं अर्धवट राहिलेलं दुसरं भांडण.

मावशी मागे येऊन उभ्या आहेत हे मला कळलं नव्हतं. म्हणाल्या, "मिटवू नको वो तिले."

म्हणून मी तो रकाना घातला. तू नसताना ते भांडण जिंकले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. सगळ्यांच्या पुढे 'हो' भरलं. तुझ्या नावापुढे आले. मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी 'नाही' लिहिलं.

मग अट लिहायची होती: जे हयात आहेत तेच घे. माझा हात सवयीनं अवतरणाकडे गेला. मी थांबले. तुझ्या ओळींच्या मधे, तुझ्याच पद्धतीनं, उघडा प्रश्न लिहिला. घाईत एक अक्षर चुकलं, आणि कंपायलरनं तिथंच लाल रेघ ओढली. मी दुरुस्त केलं. प्रोग्रॅम बनला. मावशींनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं." त्या आत गेल्या आणि कणिक मळायला बसल्या. मला थापटण्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

सोमवारी मी सुट्टी घेऊन पांढुर्ण्याला आले. एकटीनं ते पाहवणार नाही असं वाटलं, आणि मावशींना एकटं पाहू द्यायचं नव्हतं. सकाळी मशीन उठलं. नावं आली. तुझं नव्हतं. तेच तर हवं होतं, त्यासाठीच मी ती ओळ लिहिली होती, आणि तरी मी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. मग पुन्हा. मावशी चहा घेऊन आल्या, त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजल्या.

दात्यांना मेसेज आपोआप जातात, पण रुग्णांच्या घरी तू स्वतः फोन करायचीस. ते मेसेजवर सोडायचं नाही असा तुझा नियम होता. तुझा मोबाईल मावशींनी चार्ज करून ठेवला होता. त्यात सगळे नंबर होते, म्हणून मी त्यावरूनच लावला. पहिलं नाव सौंसरच्या पलीकडल्या एका खेड्यातल्या मुलीचं होतं. तिच्या आईनं फोन उचलला, आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच ती बोलायला लागली.

"प्रज्ञाताई! बरं झालं बापा तुम्ही फोन केला. लोक काही बी बोलून राहिले होते तुमच्याबद्दल. मी म्हनलं, असं कसं होईन, सोमवारी फोन येनारच त्यायचा. आला न पाहा!"

तिच्या आवाजात इतका आनंद होता. मागे कुठेतरी मुलगी खोकत होती, कोंबड्या ओरडत होत्या. मी मोबाईल कानाला लावून तशीच बसले. त्या एका क्षणात, त्या बाईच्या घरात, तू जिवंत होतीस. मला तुला तिथे आणखी थोडा वेळ राहू द्यायचं होतं.

मी आधी विचारलं, मुलीला ताप आहे का. आहे, म्हणाली, कालपासून. डोळे पिवळे दिसतात का? थोडे. पाणी पिते का? मी म्हणाले, उद्या सकाळी तिला घेऊन या, दाता ठरलाय. तिनं दोनदा वेळ विचारून घेतली. आणि मग मी तिला सांगितलं. मी प्रज्ञा नाही, वैशाली आहे, तिची मैत्रीण. लोक जे बोलतात ते खरं आहे.

मला वाटलं फोन कटला. मग ती रडते आहे हे कळलं. बहुतेक तोंडावर पदर घेऊन, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून दाबून रडत होती. मी थांबले.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "मंग बाई, आता सोमवारचा फोन कोन करन?"

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, उत्तर त्यांनाही हवं असल्यासारख्या.

"मी करीन," मी म्हणाले. "याच नंबरवरून."